गरोदरपणातील कंबरदुखी आणि शरीराचा तोल : सेनगाव परिसरातील कष्टकरी स्त्रीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
गरोदरपणात कंबर दुखणे ही ग्रामीण भागात इतकी स्वाभाविक गोष्ट मानली जाते की तिची नोंद घेण्याची गरजही कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात कंबरदुखी व शरीराचा ढळणारा तोल या दोन्ही तक्रारींमागील शरीरशास्त्रीय व यांत्रिक कारणांचे विवेचन केले आहे. या तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. गर्भाचा भार पेलण्याची क्षमता स्त्रीच्या कण्यात निसर्गतः आहे. मात्र त्यावर कामाचे ओझे, वाकण्याची सक्ती व निसरडी वाट यांची भर पडली की ही क्षमता अपुरी पडते. ही भर कमी करणे कुटुंब, समाज व संस्था यांच्या हातात आहे.

बीजसंज्ञा : गरोदरपण, कंबरदुखी, कटिवक्रता, गुरुत्वमध्य, तोल, स्त्रीश्रम, सेनगाव.

१. प्रस्तावना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी सेनगाव हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेला तालुका होय. सोयाबीन, कापूस, तूर ही येथील महत्त्वाची पिके आहेत. पेरणीनंतरची खुरपणी, भाद्रपद-आश्विनातील सोयाबीनची कापणी, त्यानंतरची कापूस वेचणी ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच करतात. घरचे पाणी, सरपण, झाडलोट, धुणे व जनावरांचे शेण काढणे ही कामे याव्यतिरिक्त असतात. गरोदरपणामुळे या कामांचे वेळापत्रक बदलतेच असे नाही.

अशा स्त्रीने कंबर दुखत असल्याचे सांगितले तर “या दिवसांत दुखायचीच” असे उत्तर तिला घरात मिळते. या उत्तरात दिलासा असला तरी दोन धोके आहेत. एक म्हणजे टाळता येण्याजोगे दुखणे अटळ समजले जाते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. अकाली प्रसूतीच्या कळा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग कंबरदुखीच्या रूपाने प्रकट होतो, तेव्हाही त्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता गृहविज्ञान, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व शारीरिक शिक्षण या सर्व विद्याशाखांचा ठरतो.

२. समस्येची व्याप्ती

गरोदरपणातील कंबर व श्रोणिभागाच्या दुखण्यावरील उपायांचा एक विस्तृत आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ३४ चाचण्या व ५१२१ स्त्रियांचा समावेश होता. या आढाव्यानुसार दोन-तृतीयांशांहून अधिक गरोदर स्त्रियांना कंबरदुखी होते, तर सुमारे एक-पंचमांश स्त्रियांना श्रोणिभागात वेदना होतात.

तोल जाण्याचे प्रमाणही दुर्लक्षणीय नाही. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे चार हजार स्त्रियांच्या अभ्यासात २७ टक्के स्त्रिया गरोदरपणात किमान एकदा पडल्याचे आढळले. हे प्रमाण सपाट रस्ते व पुरेसा प्रकाश असलेल्या समाजातील आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

३. कंबर का दुखते : शरीरशास्त्रीय कारणमीमांसा

३.१ गुरुत्वमध्याचे स्थलांतर

मनुष्य दोन पायांवर उभा राहतो. शरीराचा गुरुत्वमध्य दोन्ही पावलांनी व्यापलेल्या आधारक्षेत्रावर असेपर्यंत तो पडत नाही. चार पायांच्या प्राण्यांच्या बाबतीत गर्भाचा भार चारही पायांच्या मध्ये लोंबतो. मानवी मातेच्या बाबतीत मात्र तो कण्याच्या पुढे येतो व गुरुत्वमध्यास पुढे ओढतो. हे ओढणे निष्प्रभ करण्यासाठी गरोदर स्त्री नकळत कंबरेचा बाक वाढवून धड मागे रेलते. पोट पुढे व खांदे मागे अशी तिची परिचित चाल यातूनच निर्माण होते.

कॅथरिन व्हिटकम, लायझा शपिरो व डॅनियल लीबरमन यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात यासंबंधी महत्त्वाचे संशोधन मांडले. त्यांनी १९ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रसूतीचा काळ जवळ येईपर्यंत कटिवक्रता, म्हणजे कंबरेच्या कण्याचा बाक, ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो असे त्यांना आढळले. त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक उद्बोधक आहे. पुरुषांच्या कंबरेत हा बाक पाचरीच्या आकाराच्या दोन मणक्यांवर पेलला जातो, तर स्त्रियांच्या कंबरेत तो तीन मणक्यांवर विभागलेला असतो. असाच फरक वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकस या मानवपूर्वजाच्या जीवाश्मांतही दिसून आला. तात्पर्य, गर्भभार पेलण्याची सोय स्त्रीच्या कण्यात फार प्राचीन काळापासून आहे. गरोदर स्त्रीचे शरीर दुर्बळ असते हा समज त्यामुळे पूर्णतः बरोबर नाही.

३.२ तरफेचे गणित

असे असूनही वेदना का होतात, हे समजण्यास साध्या तरफेचे उदाहरण पुरेसे आहे. कण्याला टेकू मानले तर त्याच्या पुढे पोटाचा भार असतो व मागे पाठीचे स्नायू ताण देतात. हे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटीमीटरच मागे असतात. समजा, ५ किलोचा भार कण्याच्या २० सेंटीमीटर पुढे आहे. तो तोलण्यासाठी स्नायूंना चौपट, म्हणजे २० किलोभाराइतकी ओढ द्यावी लागेल आणि मणक्यांवर दोहोंची बेरीज, म्हणजे २५ किलोभार, येईल. हे गणित ढोबळ असले तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ओझ्याचे वजन जितके महत्त्वाचे, तितकेच ते शरीरापासून किती अंतरावर आहे हेही महत्त्वाचे असते.

३.३ अस्थिबंध व पोटाचे स्नायू

प्रसूतीसाठी श्रोणीचे सांधे काहीसे सैल होणे आवश्यक असते. या बदलात रिलॅक्सिन या संप्रेरकाचा सहभाग असतो. फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये त्याचा शोध लावला. या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा थेट संबंध मात्र सर्व अभ्यासांत सिद्ध झालेला नाही. त्यामुळे केवळ संप्रेरकांना दोष देऊन थांबता येत नाही. दुसरीकडे वाढत्या गर्भाशयामुळे पोटाचे स्नायू ताणले जातात व कण्याला पुढून मिळणारा त्यांचा आधार कमी होतो. परिणामी पाठीच्या स्नायूंना अधिक काम करावे लागते.

३.४ दुखण्याचे दोन प्रकार

कंबरदुखी या एकाच शब्दाखाली दोन वेगळी दुखणी येतात. पहिले दुखणे कंबरेच्या मणक्यांभोवती असते. बराच वेळ उभे राहिल्याने, बसल्याने किंवा वाकल्याने ते वाढते. दुसरे दुखणे श्रोणीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या बाजूचे सांधे व ओटीपोटाखालील पुढचा सांधा यांतील असते. जिना चढताना, अंथरुणात कूस बदलताना किंवा एका पायावर भार देताना ते तीव्र होते. दुसऱ्या प्रकारात एका पायावर उभे राहून कपडे घालणे, मोठी ढांग टाकणे व एसटीच्या उंच पायरीवर घाईने चढणे टाळावे. शक्य तेथे बसून कपडे घालावेत व दोन्ही गुडघे जुळवून कूस बदलावी.

४. तोल का जातो

तोल सांभाळण्याचे काम डोळे, अंतर्कर्ण आणि पाय व सांध्यांकडून मिळणाऱ्या संवेदना यांच्या समन्वयाने चालते. बटलर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरोदरपणाच्या मधल्या व शेवटच्या तिमाहीत उभे राहण्याची स्थिरता कमी झाल्याचे दिसले. डोळे मिटल्यावर ही अस्थिरता अधिक जाणवली. याचा अर्थ या काळात स्त्री तोलासाठी दृष्टीवर अधिक विसंबते. नेमक्या याच काळात वाढलेल्या पोटामुळे तिला स्वतःची पावले व पावलांपुढची जमीन दिसत नाही. अंधारात तिची अडचण दुप्पट होते, ती यामुळेच.

पायांवरील सूज व पावलाच्या कमानीचे सपाट होणे यांचाही परिणाम होतो. रक्तक्षय असल्यास उठताना चक्कर येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. ग्रामीण भागात तोल जाण्याचा विचार रक्तक्षय वगळून करता येणार नाही, हे या आकड्यावरून उघड होते.

५. सेनगाव परिसरातील श्रम व देहस्थिती

वरील तत्त्वे शेतातील व घरातील प्रत्यक्ष कामांना लावून पाहिली असता समस्येचे खरे स्वरूप ध्यानात येते.

अ) सोयाबीनची कापणी : विळ्याने कापणी करताना तासन्‌तास कमरेतून वाकावे लागते. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू बऱ्याच अंशी शिथिल होतात व भार अस्थिबंधांवर येतो. गरोदरपणात हेच अस्थिबंध सैल झालेले असल्याने हे काम सर्वांत त्रासदायक ठरते.

आ) कापूस वेचणी : वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत साठवला जातो. ही ओटी पोटाच्याच बाजूला, म्हणजे गर्भभाराच्या दिशेनेच, भर घालते. कापूस हलका असला तरी भरलेली ओटी कण्यापासून दूर असते व तरफेच्या गणितानुसार तिचा भार अनेक पटींनी जाणवतो. ओटी वारंवार रिकामी करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

इ) पाणी वाहणे : १५ लिटर पाण्याचा हंडा म्हणजे भांड्याचे वजन सोडूनही १५ किलो ओझे होय. संपूर्ण गरोदरपणात अपेक्षित असलेली वजनवाढ साधारणतः १० ते १२ किलो असते. म्हणजे नऊ महिन्यांत शरीराने हळूहळू पेलायला शिकलेल्या भाराहून मोठा भार एका क्षणात डोक्यावर येतो. डोक्यावरील हंड्याने गुरुत्वमध्य उंचावतो व किंचित झोकही सावरणे कठीण जाते. कडेवरील घागरीने कणा एका बाजूस झुकतो.

ई) चिखलाची वाट : काळी कसदार जमीन पावसाळ्यात चिकट व निसरडी होते. पांदणरस्ता, ओढ्याचा उतार, मोरीतील ओली फरशी आणि पहाटे वा रात्री अंधारात शौचास जाण्याची वाट ही पडण्याची नेहमीची ठिकाणे आहेत.

उ) ऊसतोड : मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. पती-पत्नीची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते व मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते. ३० ते ४० किलोंपर्यंतची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढणे हे या कामाचे अंग आहे. गरोदर स्त्रीच्या दृष्टीने कंबर व तोल या दोहोंची याहून कठीण परीक्षा दुसरी नसेल. विश्रांती घेतल्यास उचल फिटत नाही, त्यामुळे दुखणे सांगण्यापेक्षा सोसणे तिला परवडते.

या तपशिलावरून असे म्हणता येईल की, गरोदरपण हे कंबरदुखीचे एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे. गर्भाचा भार कमी करता येत नाही. पण त्याच्या जोडीचा हंडा, ओटी व मोळी यांचा भार निश्चितच कमी करता येतो.

६. धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास ती नेहमीची कंबरदुखी न समजता तत्काळ वैद्यकीय मदत घेणे आवश्यक आहे :

१) ३७ आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने येणारी व जाणारी कळ, तिच्यासोबत पोट कडक होणे.
२) अंगावरून रक्त वा पाणी जाणे.
३) थंडी-ताप, लघवीस जळजळ व कुशीत दुखणे.
४) पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या आतील भागात वा बैठकीच्या जागी बधिरता येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे.
५) बाळाची हालचाल कमी होणे.
६) तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे.
७) पडल्यानंतर किंवा पोटावर मार बसल्यानंतर पोटात दुखणे. बाहेर जखम नसली तरी वार सुटण्याचा धोका असल्याने तपासणी टाळू नये.

अशा वेळी १०८ किंवा १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची मदत घेता येते.

औषधांच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळी आणून घेण्याची सवय सर्वत्र आढळते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे २० आठवड्यांनंतर गर्भाच्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात व त्यामुळे गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतीही वेदनाशामक गोळी वा इंजेक्शन घेऊ नये.

७. उपाययोजना

७.१ वैयक्तिक स्तर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या प्रसूतिपूर्व काळजीविषयक मार्गदर्शनात कंबर व श्रोणीच्या वेदना टाळण्यासाठी नियमित व्यायामाची शिफारस केली आहे. वेदना असल्यास भौतिकोपचार, आधारपट्टा इत्यादी पर्याय सुचविले आहेत. कॉक्रेनच्या आढाव्यातही व्यायामाने कंबरदुखी कमी होत असल्याचे दिसते, मात्र या पुराव्याचा दर्जा मर्यादित असल्याचे तेथेच नमूद आहे. शेतात राबणाऱ्या स्त्रीला व्यायामाची काय गरज, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु श्रम व व्यायाम यांत फरक आहे. श्रमात तेच स्नायू थकेपर्यंत वापरले जातात, तर व्यायामात दुबळे पडलेले स्नायू हळूहळू सशक्त केले जातात.

डॉक्टरांनी हरकत घेतली नसल्यास पुढील साध्या गोष्टी करता येतात. हात व गुडघे टेकून पाठ हळुवार वर उचलणे व पुन्हा सरळ करणे. भिंतीला टेकून उभे राहून कंबर भिंतीकडे दाबणे. सपाट जागेवर चालणे. झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर, झोपावे व दोन्ही गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी ठेवावी. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. जमिनीवरील हलकी वस्तू उचलताना कमरेतून न वाकता गुडघे वाकवावेत व वस्तू अंगाजवळ धरावी. पायात न घसरणारी, सपाट व मागे पट्टा असलेली चप्पल असावी.

भारतातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीपासून लोह व फॉलिक आम्लाची रोज एक गोळी आणि कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते.

७.२ कौटुंबिक स्तर

पाणी भरण्याचे काम घरातील इतरांनी करावे; त्यात पुरुषांचाही सहभाग असावा. केरसुणीला लांब दांडी लावणे, धुण्याचा दगड उंचावर ठेवणे, चूल ओट्यावर घेणे, मोरीतील शेवाळ घासून काढणे व रात्रीच्या वाटेवर दिवा लावणे हे अल्पखर्चाचे बदल आहेत. शेतात वाकण्याच्या कामाऐवजी बसून करण्याचे काम द्यावे व दर अर्ध्या-पाऊण तासाने स्थिती बदलू द्यावी.

७.३ प्रसूतीनंतर

बटलर यांच्या अभ्यासात प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांपर्यंतही स्थिरता पूर्ववत झालेली नव्हती. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला जपण्याची रीत आहे व ती हितकारक आहे. मात्र सव्वा महिना संपताच ती पूर्ण कामाला जुंपली जाते, तेव्हा तिचा तोल अद्याप सावरलेला नसण्याची शक्यता असते. ही रीत आणखी काही आठवडे लांबविणे शास्त्रसंमत ठरेल. बाळाला पाजताना पाठीला भिंतीचा व उशीचा आधार घ्यावा.

७.४ शासकीय व संस्थात्मक स्तर

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. शेतमजूर व ऊसतोड करणाऱ्या स्त्रीला मात्र अशी रजा देणारा मालकच नसतो. २०१७ पासून राबविल्या गेलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये देण्यात येतात. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई व्हावी व स्त्रीला विश्रांती घेता यावी, हा या योजनेचा हेतू आहे. ही रक्कम विश्रांतीसाठी आहे, ही बाब लाभार्थी कुटुंबापर्यंत पोहोचली तरच हेतू साध्य होईल. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला होणाऱ्या तपासणीत वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांच्या जोडीने “कंबर कशी दुखते, केव्हा दुखते व कधी पडलात काय” हे प्रश्नही विचारले गेले पाहिजेत.

महाविद्यालयांचीही यात भूमिका आहे. ग्रामीण महाविद्यालयांत विवाहित विद्यार्थिनी शिकत असतात. गरोदर विद्यार्थिनीस तळमजल्यावरील वर्ग, परीक्षेत पाठ टेकता येईल अशी आसनव्यवस्था व मध्ये उठून चालण्याची मुभा देणे अवघड नाही. सलग तास घेणाऱ्या प्राध्यापिकेस खुर्ची व एक पाय टेकविण्यासाठी लहान पाट मिळाल्यास तिचा त्रास कमी होतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आशा कार्यकर्तीच्या सहकार्याने गावातील निसरड्या व अंधाऱ्या जागांची पाहणी करून त्यांची दुरुस्ती हाती घेता येईल.

८. निष्कर्ष

गरोदरपणातील कंबरदुखी व तोल जाणे या गुरुत्वमध्याच्या स्थलांतरातून उद्भवणाऱ्या परस्परसंबद्ध घटना आहेत. स्त्रीच्या कण्याची रचना गर्भाचा भार वाहण्यास अनुकूल असली तरी गर्भाबरोबर हंडा, ओटी व मोळीही वाहण्यासाठी ती नाही. वेदना सौम्य असेल तेव्हा तिची कारणे शोधून भार कमी करणे व वेदना वेगळी भासेल तेव्हा विनाविलंब तपासणी करणे, ही दोन सूत्रे प्रत्येक घरात पोहोचणे गरजेचे आहे. “दुखायचीच” या उत्तराऐवजी “कुठे दुखते व कोणते काम केल्यावर दुखते” हा प्रश्न घरात विचारला जाऊ लागला, तर त्या स्त्रीचे दुखणे कमी होण्यास तेथूनच प्रारंभ होईल.